लारावेल: कस्टम रिक्वेस्टच्या कन्स्ट्रक्टरमध्ये सगळं रिकामं का येतंय?

मोंढेकर (लातूर), रात्री ११:४२

मंडळी, मोबाईलवरून मराठी कीबोर्डनं लिहितोय, लॅपटॉप दुकानातच राहिला. त्यामुळं कोड चिकटवत नाही, क्लासची नावंही देवनागरीतच. समजून घ्या.

मोंढ्यात आमच्या घरची आडत आहे. वडील आणि मुनीमकाका अजून वहीवरच. मी पुण्यातली नोकरी सोडून परत आलो आणि पट्टीचं काम लारावेलवर, म्हणजे पीएचपीतल्या वेब-चौकटीवर, आणायलोय. शेतकऱ्याचं सोयाबीन आलं, कट्टे मोजले, काटा झाला, ओलावा बघितला, सौदा झाला, की हमाली-तोलाई वजा करून हिशोबपट्टी काढायची. काम एवढंच.

फॉर्मसाठी फॉर्मरिक्वेस्टवरून (फॉर्मचा डेटा घेऊन तपासणारा लारावेलचा तयार क्लास) माझा स्वतःचा पट्टीरिक्वेस्ट क्लास केला. विचार असा होता की ऑब्जेक्ट तयार होतानाच सगळं मांडून ठेवावं: क्विंटल आणि किलो मिळून एकूण किलो, तारखेवरून हंगाम, वगैरे. म्हणून हे सगळं कन्स्ट्रक्टरमध्ये टाकलं. आधी पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर बोलवायला विसरलो तर नलवर फंक्शन चालवल्याची एरर आली. तो बोलवला, एरर गेली. पण आता कन्स्ट्रक्टरमध्ये सगळा इनपुट रिकामा. रिकामा म्हणजे एकसुद्धा की नाही. आणि तीच रिक्वेस्ट कंट्रोलरमध्ये डंप केली की भरलेली दिसती!

दोन दिवस झालं डोकं आपटायलोय, समजेना गेलंय. आज तर ४८ कट्ट्यांची, २८ क्विंटल ६० किलोची पट्टी शून्य किलोची छापून निघाली. शेतकरी पट्टी बघून म्हणला, "मालक, मी माल आणलाव का हवा आणलाव?" वडील काही बोलले नाहीत, नुसतं वहीकडं बघितलं. ते जास्त लागलं.

---

बालाघाटी (बीड), रात्री ११:५८

सोपंय भाऊ. कन्स्ट्रक्टरमध्ये धिस (म्हणजे तोच ऑब्जेक्ट) वापरू नको. ग्लोबल रिक्वेस्ट हेल्पर, म्हणजे चालू रिक्वेस्ट कुठूनही देणारं फंक्शन, बोलव, त्यातून क्विंटल-किलो घे. त्याला सगळं मिळतं. मी कितीतरी प्रोजेक्टात वापरलंय, आजवर काही झालं नाही. झोप आता.

---

मोंढेकर, रात्री १२:३१

झोपलो नाही, दुकान उघडून बसलोय. बालाघाटी, वाचायला मिळालं! हेल्परमधून २८ आणि ६० दोन्ही आले, २८६० झाले, कन्स्ट्रक्टरच्या शेवटी डंप केलं तर दिसतात. मग ते मर्ज करून रिक्वेस्टमध्येच टाकले, एकूण_किलो नावानं. कंट्रोलरमध्ये गेल्यावर एकूण_किलो गायब. बाकी सगळं जागेवर, नेमकं मी टाकलेलंच नाही.

हे भुताटकीचं व्हायलंय.

---

गोदाकाठची (नांदेड), सकाळी ७:१२

भुताटकी नाही. सावकाश सांगते, कारण हे कळलं की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

तुमच्या मोंढ्यातलंच घ्या. हमाल आधी रिकामा कट्टा उघडून धरतो, मग त्यात माल ओतला जातो, मग कट्टा काट्यावर जातो. तुम्ही कट्टा उघडला त्याच क्षणाला वजन करताय. कन्स्ट्रक्टर म्हणजे कट्टा उघडणं. माल त्यात अजून यायचाय.

आता खरं काय घडतं ते बघा. तुमच्या कंट्रोलरच्या मेथडला पट्टीरिक्वेस्ट असा टाइप-हिंट आहे, म्हणजे कुठल्या क्लासचा ऑब्जेक्ट हवा ते लिहिलंय. मिडलवेअरची (कंट्रोलरच्या आधी चालणाऱ्या कोडची) रांग संपते, राउट ठरलेला असतो, मग लारावेल त्या मेथडचे पॅरामीटर सोडवायला घेतं. कंटेनर (लारावेलमधला ऑब्जेक्ट बनवून देणारा भाग) पट्टीरिक्वेस्टचा नवा ऑब्जेक्ट करतो. कशातून? काहीच न देता. सिंफनीच्या (लारावेल ज्यावर उभं आहे त्या लायब्ररीच्या) मूळ रिक्वेस्टच्या कन्स्ट्रक्टरला सात गोष्टी लागतात: क्वेरी, पोस्टचा डेटा, ॲट्रिब्यूट्स, कुकीज, फाइल्स, सर्व्हर आणि कच्चा कंटेंट. सगळ्यांना डिफॉल्ट रिकामं आहे, म्हणून कंटेनर तक्रार न करता रिकामा ऑब्जेक्ट देतो. इथे तुमचा कन्स्ट्रक्टर चालून संपतो.

त्यानंतर फॉर्मरिक्वेस्टच्या सर्व्हिस प्रोव्हायडरनं (ॲप सुरू होताना जोडणी करणाऱ्या क्लासनं) आधीच लावून ठेवलेला रिझॉल्व्हिंगचा कॉलबॅक, म्हणजे ऑब्जेक्ट बनताच आपोआप चालणारं फंक्शन, चालतो. तो खरी चालू रिक्वेस्ट घेतो आणि क्रिएट-फ्रॉम या मेथडनं तिच्यातला माल तुमच्या ऑब्जेक्टमध्ये ओततो. ओततो म्हणजे पुन्हा इनिशियलाइझ बोलवतो, तेच सात खण पहिल्यापासून नव्यानं भरतो. मग हेडर, सेशन, युजर कसा शोधायचा आणि राउट कसा शोधायचा ते रिझॉल्व्हर. तुमचं एकूण_किलो इथे गेलं. तुम्ही ते रिकाम्या कट्ट्यात ठेवलं होतं, भरणाऱ्यानं कट्टा झटकून मग माल भरला. ग्लोबल हेल्परनं वाचता आलं ते बरोबरच आहे, कारण ती दुसरी, आधीच भरलेली रिक्वेस्ट आहे. पण लिहिलेलं टिकणार नाही.

आणि सगळ्यात शेवटी, ऑब्जेक्ट पूर्ण सोडवून झाल्यावर, व्हॅलिडेशन (इनपुटची तपासणी) सुरू होतं. त्याचा क्रम पाठच करून टाका: आधी प्रिपेअर-फॉर-व्हॅलिडेशन, मग ऑथराइझ, मग रूल्स, आणि सगळं पास झालं तर पास्ड-व्हॅलिडेशन.

तुमचं सगळं काम त्या पहिल्या मेथडमध्ये न्या. तिथे धिस भरलेला असतो, मर्ज टिकतं, लॉगिन केलेला युजर मिळतो, राउटमधला पट्टीचा मॉडेलसुद्धा मिळतो. कन्स्ट्रक्टर अख्खा काढून टाका. कुठली सर्व्हिस हवी असेल तर तिच्यासाठीही कन्स्ट्रक्टर लागत नाही. रूल्स आणि ऑथराइझ या मेथड कंटेनरमार्फत बोलवल्या जातात, तिथेच पॅरामीटर म्हणून टाइप-हिंट द्या.

एक राहिलं. एकूण_किलो नुसतं मर्ज करून भागणार नाही. व्हॅलिडेटेड मेथड फक्त रूल्समध्ये नाव असलेलीच फील्डं देते. रूल लिहायला विसरलात तर उद्या रात्री परत इथे "गायब झालं" म्हणून याल.

---

मोंढेकर, सकाळी ७:४०

ताई, पाया पडतो. कट्ट्याचं उदाहरण वडिलांना वाचून दाखवलं, ते म्हणले, "हे नांदेडच्या बाईला कळलं, तुला दोन दिवस कळलं नाही."

दुकानात जाऊन लगेच करतो.

---

पैठणी पायथन (पैठण), सकाळी ९:०५

लारावेलवाल्यांचं हे प्रकरण बघून दरवेळी वाटतं, बरं झालं जँगोत, पायथनच्या वेब-चौकटीत, आहे. आमच्याकडे रिक्वेस्ट एकच, तीच वरून खालपर्यंत जाते. वेगळा क्लास हवा असेल तर डब्ल्यूएसजीआय (सर्व्हर आणि पायथन ॲप जोडायची पद्धत) हँडलरचा उपक्लास करून त्याच्यावर रिक्वेस्ट-क्लास बदलायचा. फ्लास्कमध्ये (पायथनचीच दुसरी चौकट) तर ॲपवरच रिक्वेस्ट-क्लास नावाचं ॲट्रिब्यूट आहे, एका ओळीचं काम.

खरं सांगायचं तर जँगोत हँडलर बदलणारे मी फार पाहिले नाहीत. मिडलवेअरमध्ये रिक्वेस्टला एक ॲट्रिब्यूट चिकटवतात आणि मोकळे होतात. तेसुद्धा आळशी पद्धतीनं. रिक्वेस्ट-डॉट-युजर हा तसाच आहे, सिंपल-लेझी-ऑब्जेक्ट; कोणी हात लावेपर्यंत डेटाबेसकडे जातच नाही.

---

गोदाकाठची, सकाळी ९:३०

पैठणकर, आणि उद्या कोणी ते एएसजीआयवर (त्याच कामाची नवी, असिंक पद्धत) चालवलं की त्याचा हँडलर वेगळा, त्याचा रिक्वेस्ट-क्लास वेगळा, तुमचा बदल तिथे नाहीच. प्रत्येकाच्या घरी मातीच्याच चुली.

आळशी पद्धतीचं मात्र पटलं.

---

जुनाखांब (छत्रपती संभाजीनगर), सकाळी १०:१५

फॉर्मरिक्वेस्टच्या भानगडीत पडायचंच कशाला? मी मूळ रिक्वेस्टचाच उपक्लास करतो आणि पब्लिकमधल्या इंडेक्स फाइलमध्ये कॅप्चर (आलेली रिक्वेस्ट पकडणारी मेथड) जिथे बोलवतात तिथे माझा क्लास टाकतो. कॅप्चर स्टॅटिक आहे, ज्या क्लासवर बोलवाल त्याचाच ऑब्जेक्ट देतो. झालं, अख्ख्या ॲपमध्ये माझी रिक्वेस्ट. माझ्या मेथड सगळीकडे मिळतात.

---

टेस्टवाली (परभणी), सकाळी १०:४८

जुनाखांब, तुम्ही टेस्ट लिहीत नाही हे तुमच्या उत्तरावरूनच कळलं. रागावू नका, मीही हेच करून बसले होते.

पहिली गोष्ट. तुमची रिक्वेस्ट कंटेनरमध्ये 'रिक्वेस्ट' या नावानं बसते, आणि लारावेलचा व सिंफनीचा असे दोनच क्लास त्या नावाला जोडलेले असतात. तुमचा स्वतःचा क्लास जोडलेला नसतो. म्हणजे कंट्रोलरमध्ये तुमच्या क्लासचा टाइप-हिंट दिला की कंटेनर म्हणतो, हा कोण? आणि नवा कोरा करून देतो. पुन्हा तोच रिकामा कट्टा! इथे तर भरणारा कॉलबॅकही नाही, कारण तो फॉर्मरिक्वेस्टपुरताच आहे. एरर येत नाही, नुसतं प्रत्येक इनपुट नल येतं. प्रोव्हायडरमध्ये एलियस (टोपणनाव) लावून तुमचा क्लासही त्याच नावाला जोडावा लागतो.

दुसरी गोष्ट इथे लागते. फीचर टेस्टमध्ये पोस्ट करता तेव्हा इंडेक्स फाइल चालतच नाही. टेस्टचं यंत्र स्वतः सिंफनीची रिक्वेस्ट बनवतं, ती लारावेलच्या मूळ क्लासमध्ये फिरवतं आणि कर्नलला देतं. तुमचा क्लास तिथे नसतोच. एलियस लावला असेल तर कंट्रोलर म्हणतो मला ह्या टाइपचा ऑब्जेक्ट हवा होता, मिळाला दुसराच, आणि टाइप एरर. माझ्या एका जुन्या कामात सगळा टेस्ट-संच एका संध्याकाळी लाल झाला होता. बदल कुठे केला हे शोधायला रात्र गेली, कारण ब्राउझरमध्ये सगळं छान चालत होतं.

दोन-चार मेथडच सगळीकडे हव्या असतील तर मॅक्रो (उपक्लास न करता क्लासला बाहेरून जोडलेली मेथड) वापरा. लारावेलची रिक्वेस्ट मॅक्रो घेते, प्रोव्हायडरच्या बूटमध्ये एकदा नोंदवा. क्लोजरमध्ये धिस म्हणजे ती रिक्वेस्टच. फॉर्मरिक्वेस्टलाही तो मिळतो, टेस्टमध्येही मिळतो.

---

जुनाखांब, सकाळी ११:०२

टेस्ट लिहितो हो. कमी लिहितो.

मॅक्रोचं बघतो.

---

मोंढेकर, दुपारी ४:२०

ताई, बदल केला. मी टाकलेल्या दहाही पट्ट्या बरोबर आल्या. खूश होऊन मुनीमकाकांना म्हणलं आता तुम्ही टाका. त्यांनी टाकली.

शून्य किलो.

तोच कोड, तोच सर्व्हर, तीच पट्टी. मी परत टाकली तर २८६०. त्यांनी परत टाकली तर शून्य. काका म्हणतात, "यंत्र माणूस बघून वजन करतंय."

व्हॅलिडेशनही पास होतंय बघा. रूलमध्ये रेजेक्स (अक्षरांचा नमुना जुळवणारी ओळ) आहे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त अंक, आणि मराठी नावांसाठी सवय म्हणून सगळीकडे यू मॉडिफायर लावतो तसा इथंही लावलाय. अंक नसते तर तिथंच अडकलं असतं ना?

---

पैठणी पायथन, दुपारी ४:२६

मुनीमकाका कुठल्या कीबोर्डनं टाकतात?

---

मोंढेकर, दुपारी ४:३१

मराठी. तुम्ही म्हणताय ते बघायला त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. चष्मा कपाळावर, एका बोटानं, प्रत्येक आकडा तोंडानं म्हणत टाकतात. दो...न. आ...ठ. आणि स्क्रीनवर २८. आपला २८. देवनागरी.

मी लॅपटॉपवर इंग्रजी कीबोर्डनं टाकत होतो.

---

पैठणी पायथन, दुपारी ४:४०

मग झालं. पीएचपीत '२८' ही स्ट्रिंग इंटिजरमध्ये कास्ट केली की उत्तर शून्य. एरर नाही, वॉर्निंग नाही, शून्य.

पायथनमध्ये मात्र इंट-ला देवनागरी २८ दिला तर २८च मिळतात. युनिकोडमधले कुठलेही दशमान अंक ते ओळखतं. (एवढं बोलून मी माझ्या चुलीकडे जातो.)

---

गोदाकाठची, सायं. ५:५५

आणि रेजेक्स पास का झाला त्याचं उत्तर तुमच्या यू मॉडिफायरमध्ये आहे. तो लावला की पीएचपी नुसतं यूटीएफ-८ वाचत नाही, बॅकस्लॅश-डीचा ('कुठलाही अंक' या खुणेचा) अर्थही युनिकोडप्रमाणे रुंद करतं. मग देवनागरी अंक हे 'अंक' ठरतात. यू नसता तर रेजेक्स नापास झाला असता आणि पहिल्याच दिवशी कळलं असतं. त्याच्याऐवजी न्यूमेरिक रूल असता तरी अडलं असतं, कारण इज-न्यूमेरिकला देवनागरी आकडे चालत नाहीत. तुमच्या पहारेकऱ्यानं काकांना ओळखलं, आत सोडलं, आणि आतल्या कारकुनानं ओळख दाखवली नाही.

म्हणजे दोन वेगळे रोग आणि लक्षण एकच, शून्य. पहिल्या दिवशीच्या शून्यात दोन्ही मिसळले होते. असलं घोंगडं सोडवायला सगळ्यात वाईट.

इलाज तिथेच, प्रिपेअर-फॉर-व्हॅलिडेशनमध्ये. देवनागरी दहा अंकांचा साध्या दहा अंकांशी नकाशा करा, स्ट्रिंग-ट्रान्सलेटनं बदला, मर्ज करा. रेजेक्स काढून क्विंटल-किलोला इंटिजर, ओलाव्याला न्यूमेरिक लावा, काका १२.५ लिहितीलच. पण तीन गोष्टी सांभाळा.

फील्ड आलं असेल तरच बदला, नाहीतर न आलेल्या फील्डांच्या रिकाम्या कीज तयार होतात आणि मग 'असेल तर तपासा' प्रकारचे रूल विचित्र वागतात.

बदलायच्या आधी ती स्ट्रिंग आहे का बघा. कोणी मुद्दाम क्विंटल नावाखाली ॲरे पाठवला तर तुमचं ट्रान्सलेट तिथेच फुटेल, आणि हे व्हॅलिडेशनच्या आधी असल्यामुळे समोरच्याला नीट चूक न दिसता थेट पाचशेची (सर्व्हर फसल्याची) एरर दिसेल. ही मेथड अजून न तपासलेल्या मालाला हात लावते हे विसरायचं नाही.

तिसरं, बेरीज-गुणाकार तिथे करताना आकडे आधी बदला, मग मोजा. हसू नका, मी उलटं केलेलं पाहिलंय.

यात एक छान गंमत आहे. तुमची पट्टीरिक्वेस्ट ही मूळ रिक्वेस्टची नक्कल आहे, म्हणून साध्या फॉर्मच्या पोस्टमध्ये तुम्ही मर्ज केलेलं मूळ रिक्वेस्टमध्ये जात नाही. व्हॅलिडेशन नापास झालं की जुना इनपुट फॉर्मवर परत येतो तो मूळ रिक्वेस्टमधून. म्हणजे काकांनी २८ देवनागरीत लिहिलं असेल तर चूक दाखवतानाही त्यांना त्यांचंच २८ दिसेल. आकडे आपोआप इंग्रजी झाले म्हणून ते बिचकणार नाहीत.

याचीच दुसरी बाजू: कंट्रोलरमध्ये नंतर कुठे ग्लोबल हेल्परनं क्विंटल वाचलात तर परत देवनागरीच मिळेल. तो हेल्पर आता विसरा.

---

नळदुर्गी (धाराशिव), सायं. ६:३०

धागा वाचून माझंही एक टाकतो. आमच्या फॉर्मात जिल्हा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्यांची नावं अधिकृत बदलली, पण जुन्या एक्सेल, जुने मोबाईल ॲप यांच्याकडून अजून उस्मानाबाद आणि औरंगाबाद येतंय. काही लोक गाडीच्या नंबरावरून लिहितात, एमएच २५, एमएच २०. हे सगळं मी प्रिपेअरमध्येच बदलतो. आठ जिल्हे, आठ कोड, जुनी दोन नावं, सगळा नकाशा रिक्वेस्टमध्ये. बरोबर आहे का?

---

टेस्टवाली, सायं. ७:०५

नकाशा रिक्वेस्टमध्ये नको. वापर रिक्वेस्टमध्ये करा. जिल्ह्यांसाठी एक ईनम (ठरलेल्या पर्यायांची यादी) करा, त्याला 'ह्या मजकुरावरून जिल्हा शोध' अशी एक मेथड द्या, तिथे जुनी नावं, कोड सगळं. उद्या एक्सेल इंपोर्ट कराल तेव्हा तिथे रिक्वेस्ट नसणार, पण उस्मानाबाद असणारच.

मोंढेकर, तुम्हालाही हेच. आकडे साफ करणं हे रिक्वेस्टचं काम, पण हमाली-तोलाई वजा करून रक्कम काढणं हे नाही. व्हॅलिडेटेडमधून एक साधा रीडओन्ली ऑब्जेक्ट भरा, पट्टीची माहिती म्हणा त्याला, आणि हिशोब त्याच्यावर करा. त्याचा कन्स्ट्रक्टर तुमचा स्वतःचा, तिथे सगळं भरलेलंच हातात येतं. तुम्हाला जे पहिल्यापासून करायचं होतं, जन्मतःच सगळं मांडून ठेवायचं, ते तिथे खुशाल करा.

---

जुनाखांब, सायं. ७:२०

ह्या मुद्द्यावर मात्र टेस्टवालींशी शंभर टक्के सहमत. एका कामात मी रिक्वेस्टमध्ये जीएसटी काढत होतो. मग तेच कमांडलाइनवरून हवं झालं, तर खोटी रिक्वेस्ट बनवून त्यात डेटा कोंबायची पाळी आली. कोणाला सांगू नका.

---

बालाघाटी, रात्री १०:१०

हजर आहे. "कितीतरी प्रोजेक्टात वापरलं, काही झालं नाही" हे माझं वाक्य मागं घेतो. आज झालं.

धागा वाचून सकाळी एका गिऱ्हाइकाचा कोड उघडला. दोन वेगळ्या दुकानांचं ॲप, एकाच सर्व्हरवर. दर वेळी दुकान शोधायला नको म्हणून मी रिक्वेस्टच्या कन्स्ट्रक्टरमध्ये हेल्परनं दुकान शोधून ते क्लासच्या स्टॅटिक प्रॉपर्टीत ठेवायचो. आधीच असेल तर परत शोधायचं नाही. वेगाच्या नादात मागच्या आठवड्यात ऑक्टेनवर, लारावेलच्या वेगवान सर्व्हरवर, गेलो. एफपीएमवर (पीएचपी चालवायची नेहमीची पद्धत) प्रत्येक हिटला सगळं पुसून नव्यानं सुरू व्हायचं, म्हणून माझं पाप दरवेळी धुतलं जायचं. ऑक्टेनचा वर्कर जिवंतच राहतो. पहिल्या हिटला जे दुकान बसलं ते पुढच्या सगळ्यांना.

एका दुकानाच्या पावतीवर दुसऱ्या दुकानाचं नाव गेलं. दोघं एकमेकांचे भाऊबंद, बोलणं बंद असलेले. पुढचं सांगत नाही.

स्टॅटिक काढलं. दुकान आता मिडलवेअरमध्ये शोधून रिक्वेस्टच्या ॲट्रिब्यूट्समध्ये ठेवतो. ॲट्रिब्यूट्स नकलेत जातात ना, गोदाकाठच्या ताई?

---

गोदाकाठची, रात्री १०:२५

जातात, सात खणांतला तो तिसरा. मिडलवेअर आधी चालतं आणि नक्कल नंतर होते, म्हणून क्रमही बरोबर बसतो. ऑक्टेनवर सिंगलटनच्या (एकदाच बनून सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या ऑब्जेक्टच्या) कन्स्ट्रक्टरमध्ये कुठे रिक्वेस्ट देऊन ठेवली असेल तर तीही शोधा. तो सिंगलटन पहिलीच रिक्वेस्ट धरून बसतो.

भाऊबंदांचं जमलं का?

---

बालाघाटी, रात्री १०:२७

पावत्या बदलून द्यायला मला मधे बसवलंय. चहा दोन्हीकडं प्यावा लागतोय.

---

मोंढेकर, दुसऱ्या दिवशी दुपारी २:१५

चाललं. मुनीमकाकांनी सकाळपासून एकतीस पट्ट्या टाकल्या, सगळ्या देवनागरीत, सगळ्या वहीशी ताडून बघितल्या. एक जुळली नाही, तिथं वहीत चूक होती. काका मानेनात, काटापट्टी आणून दाखवली तेव्हा मानले.

कन्स्ट्रक्टर काढला. प्रिपेअरमध्ये फक्त आकड्यांची साफसफाई. एकूण किलो आणि रक्कम आता टेस्टवाली ताईंनी सांगितलेल्या वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये.

एक बारीक राहिलंय. आडनाव 'चौधरी' शोधलं की मिळतं, पण पत्त्यात 'शेतकऱ्यांची वस्ती' असलेल्या काही नोंदी शोधून सापडत नाहीत. डोळ्याला अक्षर न् अक्षर सारखं.

---

गोदाकाठची, दुपारी २:४०

तो 'ऱ्य' आहे. नुक्ता असलेला ऱ एका कोडनं लिहिता येतो किंवा साधा र आणि वेगळा नुक्ता अशा दोन कोडनं. दिसायला एक, बाइट वेगळे. तुमच्या आणि काकांच्या कीबोर्डची सवय वेगळी असणार. आकडे बदलता तिथेच मजकूर नॉर्मलायझरनं एनएफसीत (युनिकोडच्या जोडलेल्या रूपात) आणा, दोन्हींचा एक ऱ होतो. पीएचपीचं इंटल एक्स्टेन्शन चालू असावं लागेल. जुन्या नोंदींवरून एकदा फिरवून घ्या आणि शोधाच्या खोक्यातल्या मजकुरालाही तेच लावा, नाहीतर अर्धंच काम.

---

मोंढेकर, दुपारी ३:५०

झालं, सापडल्या.

आता काका म्हणतात, टाकताना आकडे मराठी तर छापताना इंग्रजी कशाला? शेतकऱ्याला पट्टी मराठी आकड्यातच पाहिजे. प्रिपेअरमध्ये बदललेलं पास्ड-व्हॅलिडेशनमध्ये परत उलटं करू का?

---

टेस्टवाली, दुपारी ३:५३

नाही!! ब्लेडमध्ये, म्हणजे पान दाखवायच्या साच्यात करा, छापताना.

---

गोदाकाठची, दुपारी ३:५४

ब्लेडमध्ये.

---

बालाघाटी, दुपारी ३:५४

ब्लेडमध्ये. ह्या वेळी मीसुद्धा.